मारलेलं पाणी

कारखान्यात पाऊल टाकायला जागा नव्हती. जिकडे पाहावं तिकडे फुटलेले आरसे. मोठे, छोटे, वेलबुट्टीचे, मोरपिसांचे. पोलीस निरीक्षक भैरवी शिर्के सांभाळून चालत होती आणि पायाखालच्या प्रत्येक तुकड्यात तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता, रक्ताच्या शिंतोड्यांसकट.

नत्थूजी निमजे आतल्या खोलीत पालथे पडले होते. डोक्याची मागची बाजू ओळखू येत नव्हती. शेजारी चौकटी ठोकायची लोखंडी हातोडी. रक्त पार भिंतीवरच्या देवाच्या फोटोपर्यंत उडालं होतं. एका घावात म्हातारा गेला असता, पण मारणारा थांबलाच नव्हता.

"बाप्पा!" हवालदार शालिकराम दारातच थबकला. "मॅडम, कसायी बी असा मारत नाही."

"आत या. कशालाही हात लावू नका."

नागपूरच्या मनीषनगरात नत्थूजींना कोण ओळखत नव्हतं? यंत्राने आरसे बनवायच्या या जमान्यात हा बाबा हाताने आरसे करायचा. काचेच्या कडांना पैलू पाडायचा, कोपऱ्यात वेल कोरायचा, मग आतल्या खोलीत दार लावून काचेच्या पाठीवर चांदीचं पाणी ओतायचा. ते पाणी बसलं की काचेचा आरसा होतो. यालाच कलई म्हणतात. लेकीच्या लग्नात नत्थूजींचा आरसा दिला की सासरचे तोंडात बोटं घालायचे. असा माणूस मे महिन्याच्या भर दुपारी स्वतःच्याच कारखान्यात मारला जातो आणि कोणाला चाहूल लागत नाही! लागणार तरी कशी? अख्खी वस्ती कूलर लावून झोपली होती. कूलरच्या घरघरीत वीस आरसे फुटले काय आणि माणूस ओरडला काय, सारखंच.

कलईच्या टेबलावर एक मोठी काच आडवी होती. एवढीच काय ती शाबूत. पाणी पलीकडे पसरू नये म्हणून तिच्या मधोमध मेणाची कड घातलेली. कडेच्या अलीकडे चांदी बसून आरसा झाला होता, पलीकडे कोरी काच. शेजारी रिकामं भांडं. टेबलाखाली प्लास्टिकची बादली आणि तिच्या तळाशी फाटलेल्या दुधासारखा पांढरा साका.

"चुना असन," शालिकराम म्हणाला.

"असेल. बादली सील करून ठाण्याच्या अंगणात ठेवा."

बाहेर पडताना भैरवीची नजर कोपऱ्यात गेली आणि तिथेच अडली. बाकीचे आरसे नुसते फुटले होते. हा एक आरसा कुटला होता. चौकटीचा ढलपा ढलपा झालेला आणि काचेचं पीठ. वरवर पाहता हा दरोडा वाटत होता, पण दरोडेखोराला एका आरशाचा एवढा राग का यावा?

खुनी मात्र संध्याकाळपर्यंत सापडलासुद्धा. निदान वस्तीचं तरी तसंच म्हणणं होतं.

नत्थूजींचा मुलगा मोहित रक्ताने माखलेल्या शर्टात रस्त्याने पळताना लोकांनी पाहिला. मग काय, लोकांनी त्याला धरला आणि तुडवला. चप्पल, बेल्ट, क्रिकेटची बॅट, हाताला येईल ते. पोलीस पोचले तेव्हा त्याची एक भुवई फाटलेली होती आणि दोन दात नाल्याच्या काठावर पडले होते.

आणि त्याच्याविरुद्ध जबाब दिला होता तो त्याच्या सख्ख्या आईने.

रुख्मिणीबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांना प्रेत दिसलं. आता त्या पोलीस ठाण्याच्या बाकावर बसल्या होत्या. डोळे कोरडे ठाक.

"सकाळी भांडण झालं?" भैरवीने विचारलं.

"झालं. त्याले कारखाना विकून फ्लॅट बांधायचे होते. हे नाही म्हणाले. मंग तो म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"एक दिवस हे काच तुमच्याच डोक्यात घालतो, म्हणाला. मी कानानं ऐकलं, मॅडम. खोटं कशी बोलू? कुंकू गेलं माहं, आता पोरगं बी जाऊन राहिलं. अन् मीच घालवून राहिली."

वरून साहेबांचा फोन येऊन गेला होता. आईचा जबाब आहे, शर्टावर रक्त आहे, आणखी काय पाहिजे? उद्या संध्याकाळी कोर्टात उभा करा. आणि एकदा का मोहित कोर्टात खुनी म्हणून उभा राहिला की खरा माणूस शोधायला कोणाला वेळ असणार होता?

दवाखान्यात मोहित खाटेला बेडीने बांधलेला होता.

"आत कशाला गेला होतास?"

"माफी मागाले." सुजलेल्या ओठांतून शब्द नीट निघत नव्हते. "सकाळी जास्तच बोललो होतो. पाह्यलं तर बाबा पडले होते. उचलाले गेलो, तर डोकं हातात..." तो हुंदके द्यायला लागला.

"मग पळालास का?"

"श्वास कोंडला, मॅडम. त्या खोलीतल्या वासानं मले दम लागते. लहानपणापासून. म्हून तर मी कलई शिकलो नाही. दम्याचा पंप बी तिथंच पडला."

पंप खरोखरच उंबऱ्याशी सापडला होता. पण पंपाने कोर्ट ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरवी शहरातल्या सदर भागात गेली. नत्थूजींचे आरसे विकणारा गौरांग घाटगे तिथे एक ऐसपैस शोरूम चालवत होता. पन्नाशीचा, सडपातळ, इस्त्रीचा कुर्ता, कानशिलावर पांढरेशुभ्र केस. बोलणं कसं तुपात घोळलेलं.

"मॅडम, गेलं हो आपल्या गावाचं वैभव! मी तर जेवलो नाही कालपासून."

"तुम्ही त्यांच्या कारखान्यात जायचात?"

"बाहेरच्या खोलीपर्यंत. कलईच्या खोलीत त्यांनी कधी कोणाला घेतलं नाही. मला काय कळतंय त्यातलं? मी आपला विकणारा माणूस."

"काल दुपारी कुठे होतात?"

"इथेच, मागच्या खोलीत. दुपारी नागपुरात माणूस झोपेल नाही तर काय करेल?"

चहाचा कप पुढे करताना त्याची बोटं दिसली. नखांच्या कडा आणि उजवा तळवा काळाकुट्ट.

"हे काय झालं?"

गौरांग हसला. "डाय, मॅडम. वय लपवायला काय काय करावं लागतं!"

भैरवीही हसली आणि तिने चहा संपवला.

ठाण्यात परतली तर शालिकराम दारातच उभा. "मॅडम, चला लवकर! तो चुना जांभळा झाला!"

अंगणात उन्हात ठेवलेल्या बादलीतला पांढरा साका खरोखरच वांग्यासारखा जांभळा पडला होता. भैरवीने रुख्मिणीबाईंना बोलावून घेतलं. बाईंनी एक नजर टाकली.

"हे तं मारलेलं पाणी होय. चांदीचं पाणी उरलं का हे त्याच्यात मीठ टाकत. माह्या सैपाकघरातून रोज मीठ नेत. चांदी खाली बसते, मंग उन्हात अशी जांभळी होते."

"मीठ कशासाठी?"

"उरलेलं पाणी उभं ठेवाचं नाही, एवढंच म्हणत. काहून, ते कधी सांगतलं नाही."

ते धम्मानंदने सांगितलं. धम्मानंद नत्थूजींचा कलईतला एकुलता एक जोडीदार, बुलेटवरून फिरणारा, तोंडाचा भारी फटकळ. खुनाच्या दिवशी तो सावनेरला भाच्याच्या हळदीत नाचत होता, त्याचा व्हिडिओ अर्ध्या तालुक्याने पाहिला होता.

"मॅडम, ते पाणी उभं राह्यलं का बिघडते. उन्हाळ्यात तं लयच लवकर. मंग नुसता चमचा लागला तरी बॉम्बसारखं उडते. पण हे घरी सांगत नसतात. आमच्या धंद्याची रीतच हाय. बायकोले कळलं तर कोण घराजवळ हे काम करू देईन? मी बी नाही सांगतलं. कलईवाल्याले सोडून हे कोणालेच माहीत नाही."

"आणि पाणी उभं असताना काच फुटली तर?"

"अरे बापा! मस्करी करून राहिले का?"

भैरवीला तो कुटलेला आरसा आठवला. मग तिने एक फोन केला. नत्थूजींकडे आठवड्यापूर्वी दुरुस्तीला कोणाचा आरसा आला होता, ते रुख्मिणीबाईंना ठाऊक होतं. सावनेरच्या नंदिनीताईंचा. वर्षभरातच त्याला काळे डाग पडले होते. "माह्या हातच्या आरशाले डाग?" म्हणत नत्थूजी आठवडाभर नीट जेवले नव्हते.

"आरसा कुठून घेतला होता, ताई?" भैरवीने फोनवर नंदिनीताईंना विचारलं.

उत्तर आलं, सदरच्या शोरूममधून.

त्याच दिवशी दुपारी भैरवीने सगळ्यांना कारखान्यात गोळा केलं. रुख्मिणीबाई एका स्टुलावर, मोहित बेडीसकट दुसऱ्यावर. गौरांग घाटगे पांढऱ्या कुर्त्यात, रुमालाने घाम टिपत. धम्मानंदला तिने बाहेरच थांबवलं होतं.

टेबलावर स्टीलचं एक भांडं होतं, वर फडकं बांधलेलं.

"हे काय आहे?" गौरांगने विचारलं.

"पुरावा. काल इथल्या फळीवर सापडलेलं, दुसऱ्या अर्ध्या काचेसाठी काढून ठेवलेलं चांदीचं पाणी. तेव्हापासून ठाण्याच्या अंगणात उन्हात पडून होतं." भैरवीने फडकं सोडलं, लोखंडी पळी उचलली. "तळाशी काही दिसतंय. जरा ढवळून बघू."

रुख्मिणीबाई बघत राहिल्या. मोहितने मानसुद्धा वर केली नाही.

पळी खाली आली.

"नको!" गौरांग किंचाळला आणि टेबलाखाली घुसला, दोन्ही हातांनी कान दाबून.

पळी पाण्यात बुडाली. डुबुक. बस, एवढंच.

"नळाचं पाणी आहे, गौरांगराव," भैरवी म्हणाली. "बाहेर या. तुम्हाला यातलं काही कळत नव्हतं ना?"

तो बाहेर आला तो काचेचा लांब तुकडा हातात घेऊनच. कोणाला काही कळायच्या आत त्याने रुख्मिणीबाईंचे केस धरले आणि तुकडा गळ्याशी लावला. "दार सोडा! कापून टाकीन म्हातारीला!"

मोहित स्टुलावरून उडाला. बेडी घातलेल्या हातांनी त्याने ती धारदार काच मुठीत पकडली. काच तळहातात रुतली, रक्ताची धार आईच्या पदरावर पडली, पण त्याने मूठ सोडली नाही. मागून शालिकरामची काठी गौरांगच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

गौरांग खाली कण्हत पडला तेव्हा भैरवीने सांगायला सुरुवात केली. आवाज शांत, पण राग लपत नव्हता.

"टेबलावरची काच बघा. अर्धी कलई झालेली, अर्धी कोरी. आणि बादलीतलं पाणी मारलेलं. अर्धी काच बाकी असताना नत्थूजी स्वतः पाणी मारतील? कधीच नाही. म्हणजे मीठ टाकलं ते खुन्याने. कशासाठी? त्याला दरोड्याचा देखावा करायचा होता, सगळे आरसे फोडायचे होते. पण उभ्या पाण्याशेजारी काच फोडायची नाही, हे ज्याच्या हाडात मुरलंय त्याने आधी पाणी मारलं, मग हातोडी चालवली. मोहितला हे माहीत नव्हतं. बाईंना नव्हतं. आत्ता तुम्ही पाहिलंत, दोघं हललेसुद्धा नाहीत. धम्मानंद सावनेरला होता. राहिलं कोण?"

"मी... मी फक्त घाबरलो..."

"आणि तो डाय? कानशिलं पांढरी आणि हात काळे? चांदीचं पाणी कातडीला लागलं की उजेडात काळं पडतं आणि आठवडाभर धुऊन जात नाही. झटापटीत ते तुमच्या हातावर उडालं. हिंगण्याला तुमच्या नावावर एक शेड आहे, तिथे आत्ताच माझ्या लोकांना तुमचा शर्ट मिळालाय. रक्ताचे डाग आहेत आणि चांदीचेही. कलईचं सगळं सामानही आहे. तिथे तुम्ही कच्ची कलई करून नत्थूजींच्या नावाने आरसे खपवत होतात. नंदिनीताईंचा आरसा परत आला आणि म्हाताऱ्याने चोरी ओळखली. म्हणून तोच आरसा कुटून तुम्ही त्याचं पीठ केलंत."

"पण याले कलई शिकवली कोणी?" मोहितने विचारलं. त्याच्या हाताला शालिकराम रुमाल बांधत होता.

गौरांग मोडलेलं मनगट पोटाशी धरून हसला. फार वाईट हसला तो.

"तुझ्या बापाने! दर रविवारी, धम्मानंदची सुट्टी असताना. माझ्या पोराला वास सोसत नाही, विद्या माझ्यासोबत जळून जाईल, म्हणून रडायचा माझ्यासमोर. पोराला कळू देऊ नको, त्याला वाईट वाटेल, म्हणायचा. काल मला म्हणाला, तुझ्यापेक्षा माझा न शिकलेला पोरगा बरा. तेच डोक्यात गेलं माझ्या."

मोहितला आता त्या सकाळचं भांडण आठवत असणार, आणि मागायची राहून गेलेली माफी.

गौरांगला नेल्यावर भैरवीने मोहितची बेडी स्वतः काढली. रुख्मिणीबाई उठल्या, पण पोराजवळ जायची त्यांची हिंमत होईना. त्या टेबलाजवळ गेल्या आणि दोन्ही हातांनी ती मोठी काच उभी केली.

"मी तुह्या विरोधात बोलली रे," त्या काचेकडे बघतच म्हणाल्या. "आई असून बोलली."

मोहित लंगडत टेबलाच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि त्याने बांधलेल्या हाताने काचेला टेका दिला.

काचेच्या अर्ध्या भागात रुख्मिणीबाईंना आपला चेहरा दिसत होता. कोऱ्या अर्ध्यातून पलीकडे उभा असलेला पोरगा दिसत होता, सुजलेला, रक्ताळलेला, जिवंत. नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच त्या हंबरडा फोडून रडल्या.

"जे ऐकलं तेच सांगतलं ना तू," मोहित म्हणाला. "चाल वं माय. घरी चाल."

दारात धम्मानंद उभा होता. नेहमीचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला होता. "भाऊ, अर्धी राहिलेली कलई मी करून देऊ का?"

रुख्मिणीबाईंनी पदराने डोळे पुसले आणि नकारार्थी मान हलवली.

"नोको. ते असंच राहू दे. माह्या घरच्या भिंतीवर लागन ते."