न गेलेली पार्सलं

हे खरं घडलेलं आहे.

प्रत्येक जण अशीच सुरुवात करतो, हे मला माहीत आहे. मीही अशा गोष्टी वाचायचे आणि हसायचे.

हे घडलं कोथरूडमध्ये, २००२ सालच्या मे महिन्यात. रात्री नाही, एका गुरुवारी भर दुपारी. जागा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा साधा फ्लॅट. दाराबाहेर चपलांचं स्टँड, शेजारी दुधाच्या पिशवीसाठी अडकवलेली टोपली. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलंय. आमच्या घरात कुणी भुताचं नाव काढलं की आजोबा ताटावरून उठायचे. त्यामुळे मी फक्त घडलं ते क्रमाने सांगते. अर्थ तुम्ही लावा.

मला लागलेला नाही...

माझा मोठा भाऊ राकेशदादा आधी एका मोठ्या कुरिअर कंपनीत घरोघर पार्सलं पोचवायचा. फिरता फिरता त्याच्या लक्षात आलं, की कोथरूडमध्ये दर दुसऱ्या घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे. आणि मागे राहिलेल्या आईवडिलांपुढे एकच प्रश्न आहे. चटणी तिकडे पाठवायची कशी?

"हिंजवडीवाले सॉफ्टवेअर पाठवतात," दादा म्हणाला. "आपण शेंगदाण्याची चटणी पाठवू. सॉफ्टवेअर जुनं होतं."

"चटणीपण होते."

"म्हणून तर परत मागवतात, वेडे!"

त्याने नोकरी सोडली. एका सोसायटीचं गॅरेज भाड्याने घेतलं, पिशव्या सील करायचं मशीन आणलं, मुंबईचा एक एजंट गाठला आणि स्वतःचं कुरिअर सुरू केलं. मी नेट परीक्षेचा अभ्यास करत घरीच होते. वजनकाटा माझ्या ताब्यात आला.

आमची पद्धत ठरलेली होती. ग्राहकाच्या घरी जायचं. त्याच्यासमोर पिशव्या सील करायच्या, खोका बंद करायचा, हातातल्या स्प्रिंगच्या काट्याने वजन करायचं. दुकानात आल्यावर इलेक्ट्रॉनिक काट्यावर पुन्हा. आणि एकदा चिकटपट्टी लागली की खोका कुणीही उघडायचा नाही.

"आईने भरलेलं असतं," दादा म्हणायचा. "आपण मधले."

ओव्हाळ काका-काकूंकडे मी पहिल्यांदा गेले ते जानेवारीत. काका म्हणजे धोंडिबा ओव्हाळ, टेलिफोन खात्यातून निवृत्त. विहारात आमची ओळख होती. चंपाकाकूंची नुकतीच बायपास झाली होती. छातीवर एक हात ठेवूनच त्या चालायच्या. एकुलता एक मुलगा बुद्धभूषण, घरात सगळे भूषण म्हणायचे, दोन वर्षांपूर्वी न्यू जर्सीला गेला होता. आख्ख्या घराण्यातला पहिला इंजिनिअर.

काकूंनी सगळं मांडून ठेवलं होतं. शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, तिळाचे लाडू, कडक भाकऱ्या.

"भाकरी मोडू द्यायची नाही बरं का," त्या म्हणाल्या. "मोडली की हा खात नाही. लहानपणापासूनची खोड हाय."

"काकू, विमानातून जाणार. चार लोक आपटणार."

"मग तू सांग त्यांना, आपटू नका म्हणून. एवढं शिकलीस ना?"

मी हसत खाली उतरले. पाठोपाठ काका आले. जिन्याच्या तोंडाशी त्यांनी खोक्यावर हात ठेवला.

"हे पाठवू नकोस."

"का? पत्ता चुकलाय?"

"पत्ता बरोबर आहे." ते थांबले. "तिथे कुणी नाही."

मला कळेना.

"नोव्हेंबरमध्ये गेला. हायवेवर, ट्रकखाली. त्याच आठवड्यात हिचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टर म्हणाले, धक्का देऊ नका. तिकडे मित्रांनीच सगळं केलं. मी आज सांगीन, उद्या सांगीन म्हणतोय..."

"काकूंना काहीच माहीत नाही?"

"काहीच नाही. मी सायबर कॅफेत जाऊन बसतो. तासाभराने घरी येतो आणि ई-मेल आला म्हणून सांगतो. काय लिहिलंय, ते येता येता ठरवतो."

"आणि फोन आला तर? कुणी भेटायला म्हणून..."

"फोनची वायर मीच काढलीय, खालच्या बॉक्समधून. लाइन खराब आहे म्हणून सांगितलंय. आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडल्या, एक तोडता येणार नाही का?"

मग ते हसले. ते हसणं मला अजून आठवतं.

"छपन्न सालापासून आमच्या घरात श्राद्ध नाही. पिंड नाही, कावळा नाही. माझ्या बापाने बंद केलं ते. आणि आता बघ, मी कुरिअरने घालतोय."

खोका मी दुकानात आणला. 'वॉचमनला देऊन टाक' असं काका म्हणाले होते. पण आईने भरलेला खोका त्याला उघडू द्यायचा कसा? दादाने तो सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. तिथेच राहिला.

दर महिन्याला काकू पार्सल भरत. दर महिन्याला मी आणत असे. फळीवर खोके वाढत गेले.

फेब्रुवारीत फळी साफ करताना मी पहिला खोका उचलला.

हलका लागला...

काट्यावर ठेवला. जवळजवळ निम्मं वजन गेलं होतं.

घाबरण्याचं काही कारण नव्हतं. मी काटा तपासला. चिकटपट्टी तपासली. उंदराने कुरतडल्याची खूण शोधली. मग वाटलं, भाकऱ्यांमधला ओलावा उडाला असेल. म्हणून तसाच दुसरा खोका घेतला, त्यात आमच्या आईची चटणी आणि भाकऱ्या सील करून भरल्या आणि त्याच फळीवर, काकूंच्या खोक्याला खेटून ठेवला. रोज दोन्हींचं वजन केलं.

आमच्या खोक्याचं वजन हललं नाही.

काकूंचा खोका रोज थोडा थोडा हलका होत होता. फक्त पहिलाच. तो संपत आला, तेव्हा दुसरा हलका व्हायला लागला.

जसं कुणीतरी पुरवून पुरवून खात होतं...

दादाला सांगितलं.

"काकांना बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

मार्चमध्ये मी गेले तेव्हा काकू खुशीत होत्या.

"मागच्या चटणीत मीठच पडलं नव्हतं बघ. या वेळी नीट घातलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"भूषण म्हणाला ना! 'आई, मीठ विसरलीस' म्हणाला. पण संपतच आली म्हणाला."

"फोन... बंद आहे ना, काकू?"

"दुपारचा लागतो गं. हे झोपले की."

काका चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. त्यांनी चहा तसाच परत आत नेला.

त्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले.

"उघड," म्हणाले.

दादाने पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडला. फेब्रुवारीतला खोका उघडला. आत चटणीची पिशवी होती. सील जसंच्या तसं, मी केलं होतं तसं. आत तळाला मूठभर चटणी. भाकऱ्यांपैकी दोन उरल्या होत्या. अखंड.

मी पिशवी कापली. काकांनी चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली. मग मी.

अजिबात मीठ नव्हतं.

काका स्टुलावर बसले. बाहेर रिक्षावाल्याशी कुणाचं तरी भांडण चाललं होतं, ते सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"घंटी मीही ऐकतो," काका म्हणाले. "दुपारी. डोळे मिटून पडलेला असतो. घंटी वाजते, ही उचलते, बोलते. मला वाटलं, म्हातारपणाचा भास असेल. मग खाली जाऊन बॉक्स बघितला... वायर मी काढून ठेवली तशीच लोंबतीय."

दादाने त्यांच्यापुढे पाणी ठेवलं.

"मी असलं काही मानत नाही," ते म्हणाले. "चाळीत असताना अंगात येणाऱ्या बाया मी हाताला धरून घरी पोचवल्यात. आता सांग, मी काय करू?"

मी कापलेली पिशवी पुन्हा सील केली.

मग मे महिन्यातला तो गुरुवार आला.

मी पार्सल आणायला गेले. दार उघडून काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल."

"काय झालं?"

"आज पार्सल नाही." त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. "आलाय तो."

माझ्या हातातला काटा मी घट्ट धरला.

"सकाळीच आला. बोलला नाही फार, सरळ जाऊन झोपला. तिकडची थंडी भरलीय गं अंगात. बस तू, मी भाकरी टाकते. उठला की गरम खाईल."

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पीठ मळल्याचा आवाज यायला लागला.

काका हॉलमध्ये खुर्चीवर बसले होते. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्या दाराकडे ते बघत नव्हते.

"तुम्ही पाहिलंत?" मी कुजबुजले.

"मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर ही म्हणाली, आलाय."

"आत नाही गेलात?"

त्यांनी मान हलवली.

"दीपाली," ते म्हणाले, "मी ठरवलंय. आत कुणी नसेल, तर आज तिला सांगून टाकणार. तिचं जे व्हायचं ते होवो. खोट्याला कुठेतरी थांबायला हवं. पण माझ्याने त्या दारातून जाववत नाही. तू सायन्सची आहेस. तू बघून ये. तू सांगशील ते मी मानीन."

स्वयंपाकघरात भाकरी थापायला सुरुवात झाली होती.

मी दार ढकललं.

पहिली जाणवली ती गार हवा. मे महिना, पश्चिमेची खोली, खिडकीतून ऊन थेट फरशीवर पडलेलं. आणि खोली गार होती. पंखा बंद. माझ्या हातांवर काटा उभा राहिला, तो भीतीने नव्हे. खरंच थंडी होती.

पलंगावर गोधडी अंथरलेली होती. काकूंनी शिवलेली, जुन्या लुगड्यांची.

खाली कुणी नव्हतं. गोधडी सपाट होती. उशी सपाट होती.

कुणी नव्हतं. मी पलंगाखाली पाहिलं. कपाटामागे पाहिलं. खोली रिकामी होती.

मी परत फिरणार होते. काकांना काय सांगायचं ते माझ्या ओठांवर होतं.

पण मला सवय आहे, एकदा पाहिलं की पुन्हा तपासायची. मी गोधडीखाली हात घातला.

आत ऊब होती...

झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात असते तशी. लांबट. खांद्यापासून पायापर्यंत. आजूबाजूची गादी बर्फासारखी, आणि मधोमध ही ऊब. मी तळहात तसाच ठेवला. गार खोलीत गरम वस्तू गार होत जाते. ऊब टिकायची तर ती सतत कुठून तरी यावी लागते.

मी वाट पाहिली. ऊब कमी झाली नाही.

मग माझ्या हाताखाली ती किंचित सरकली. कूस बदलताना माणूस सरकतो, तशी.

मी हात काढला. गोधडीची कड नीट केली. ती का केली, ते मला सांगता येणार नाही.

बाहेर आले. दार लोटलं. काका उभे राहिले होते. त्यांनी काही विचारलं नाही. फक्त बघत होते.

तेवढ्यात काकू पिठाच्या हातांनी दारात आल्या. "उठला का गं?"

मी काकांकडे बघून म्हणाले, "नाही. झोपलाय."

काका हळूच खाली बसले. त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. खांदे हलत होते, आवाज नव्हता.

"अहो, रडताय काय?" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "पोरगं घरी आलंय आणि रडताय! उठेल ना तो."

काकांनी त्या दिवशी काही सांगितलं नाही. नंतरही नाही.

दुकानात येऊन मी फळीवरचे खोके तपासले. त्या दिवसानंतर त्यांचं वजन कमी झालं नाही. एका ग्रॅमनेही नाही.

ऑगस्टमध्ये चंपाकाकू गेल्या. झोपेत, त्याच खोलीत. पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे गेलो होतो. वंदना झाली, खीर वाटली. लोक पांगल्यावर काकांनी मला जिन्यापाशी थांबवलं.

"तिला कळलं नाही," ते म्हणाले. "शेवटपर्यंत नाही."

मी मान हलवली. गोधडी सपाट होती, हे मला त्यांना सांगायचं होतं. ऊब होती, हेही. दोन्ही एकदमच सांगावं लागलं असतं, आणि शब्द जमेनात.

"मी हॉलमध्येच झोपतो आता," काका म्हणाले. "दुपारी आतून आवाज येतो. दोघांचा. हळू बोलतात, मला ऐकू येऊ नये म्हणून. भाकरी मोडल्याचा आवाज येतो."

"तुम्ही आत जाऊन पाहिलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"तू सांगितलंस ना, झोपलाय म्हणून," ते म्हणाले. "झोपलेल्याला कशाला उठवायचं?"

आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या, दार अगदी आवाज न करता उघडलं, आणि पाय न वाजवता आत गेले.