उसना विस्तव

भवानी पेठेतल्या चिमाबाईनं त्या दिवशी दुपारीच चूल पेटवली. एकवीस दिवस तापानं अंथरुणाला खिळलेल्या तिच्या हौसानं सकाळी डोळे उघडून म्हटलं होतं, "आई, रस्सा कर की." दीर ज्ञानबा मेंढरं घेऊन गावाबाहेर उतरला होता, त्यानं मटण पाठवलं. चिमाबाईनं कांदा-खोबरं भाजून पाट्यावर वाटलं, काळा मसाला घातला, वांगी, बटाटे, शेवग्याच्या शेंगा सोडल्या आणि झाकण ठेवून जाळ बारीक केला. नवरा गुंडा गिरणीत होता. भोंग्याला अजून वेळ होता.

"इस्तू देतीस का, बाई?"

दारात एक अनोळखी बाई उभी होती. अंगावर जुनेर, आवाज अगदी खोल.

"घर लई गार पडलंय..."

शेजारणी विस्तव न्यायला यायच्याच. चिमाबाईनं चिमट्यानं दोन निखारे काढले. "खापरी कुटं हाय?"

बाईनं पदर पसरला.

"अगं, जळंल की!"

"न्हाय जळत."

निखारे पदरात पडले. ना धूर, ना करपल्याचा वास. बाई मागच्या बोळात वळली.

चिमाबाई चुलीपाशी आली. रस्सा रटरटत होता, पण घमघमाट पार गेला होता. तिनं झाकण काढलं. बुडबुडे फुटत होते, वाफ मात्र नव्हती. पळीत आलेली मटणाची फोड लालभडक, कच्ची. तिनं लाकडं सारली, जाळ पातेल्याच्या गळ्यापर्यंत चढला. भीत भीत तिनं रश्शात बोट बुडवलं. हाडात शिरणारा गारठा!

"आई... हुडहुडी भरलीया."

हौसाचे पाय गुडघ्यापर्यंत थंडगार होते.

चिमाबाईची हाक ऐकून शेजारची काशम्मा धावत आली. सगळं ऐकताच तिचा चेहरा उतरला.

"मागल्या बोळात? तितं एकच घर हाय, चिमाबाई. प्लेगात मायलेकी गेल्या, तवापासून बंद हाय... पन आता तितनं धूर निघतोय."

"हौसापाशी बस," एवढंच म्हणून चिमाबाई पळाली.

दार ढकलताच उघडलं. आत अंधार, ओल, उंदरांचा वास. चुलीत तेच दोन निखारे, आणि त्यांच्यावर हात धरून पाठमोरी बसलेली ती बाई.

"माझा इस्तू दे."

"माझ्या पोरीनं खायला मागितलं..." बाई वळली नाही. "तवा कुणी इस्तू दिला न्हाय. दारं लावून घेतली समद्यांनी."

चिमाबाईला हुंदका आला. "मी न्हवतं ना दार लावलं, बाई. पन माझं लेकरू गार पडतंय..."

मग त्या बाईनं हळूच हात मागं घेतले.

चिमाबाईनं निखारे ओंजळीत उचलले. तळहात भाजले, तरी ती थांबली नाही. धावत घरी येऊन तिनं ते आपल्या चुलीत टाकले, आणि पातेलं एकदम फसफसून आलं. मसाल्याचा वास घरभर दाटला. हौसाच्या कपाळावर घाम फुटला.

भोंगा झाला, गुंडा आला. हौसानं भाकरी कुस्करून वाटीभर रस्सा खाल्ला. चिमाबाई तिला निजवू लागली, तशी पोरगी भिंतीकडं सरकली.

"अशी अंग चोरून का निजतीस?"

"हळू बोल की, आई," हौसा कुजबुजली. "जागी होईल ती. तिची आई तिला हितं ठेवून गेलीया."