सलीलची चेष्टा

हावड्याच्या जेट्टीवर मी नदीचं पाणी बाटलीत भरत होते, तेव्हा मागे एक खोकं उलटलं.

एप्रिल संपत आला होता आणि दुपारचं आकाश एकाएकी काळं झालं होतं. कोलकात्यात या दिवसांतलं वादळ सांगून येत नाही; धूळ, वारा, पाऊस सगळं एकदमच अंगावर येतं. मी दोरीला बांधलेली बाटली वर ओढत होते आणि खोक्यातून घरंगळलेल्या बाटल्यांपैकी एकीचं झाकण उडालं. आतलं हिरवट, दाट काहीतरी जेट्टीच्या कडेवरून थेट माझ्या बाटलीच्या तोंडाशी ओतलं गेलं. उरलेलं माझ्या ओढणीवर.

मी केंद्र सरकारच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. त्या दिवशी नदीत डिटर्जंट किती आहे, ते पाहायचं होतं.

खोक्याचा मालक एका हाताने बाटल्या गोळा करत होता आणि दुसऱ्या हाताने त्याने फोन कानाला धरला होता.

"आई, शांपू सांडला... नाही गं, पाण्यात थोडा, बाकीचा एका बाईंवर... तरुण आहे. चिडलेली वाटतेय... बंगालीच असेल, डोळे मोठे आहेत."

"डोळे साताऱ्याचे आहेत," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग फोनमध्ये हळूच म्हणाला, "ठेवतो, आई. मराठी निघाली."

तेवढ्यात पाऊस आला आणि माझ्या ओढणीवर फेस चढायला लागला. तो तरुण इतका ओशाळला की मला रागवायचं सुचेना. मी ओढणीचं टोक बोटांत चोळून पाहिलं.

"फेस कमी येतोय."

"सल्फेट घातलेलं नाही." त्याचा चेहरा उजळला. "प्राण्यांपासून मिळणारं काहीच नाही त्यात. मध नाही, मेण नाही. आणि प्राण्यांवर तपासतही नाही आम्ही."

"मग कुणावर तपासता?"

"आतापर्यंत आईवर. आज... तुमच्यावर."

त्याचं नाव सलील. वडील बँकेतल्या बदलीवर इकडे आले आणि निवृत्त होऊनही इथेच राहिले. सलीलचा जन्मच इथला. हावड्यात त्याचा छोटासा कारखाना होता – साबण, शांपू, अंगाला लावायची क्रीमं, केसांचे लेप. नदी ओलांडणाऱ्या लाँचची वाट पाहत पत्र्याखाली उभे असताना त्याने मला त्याचं दुःख सांगितलं. तो ज्यांना ज्यांना नमुने वापरायला देई, ते सगळे 'छान आहे' म्हणत. आई छान म्हणे. महाराष्ट्र मंडळातल्या काकू छान म्हणत. एका काकूंना पुरळ उठलं, त्या पुरळासकट छान म्हणाल्या.

"वाईट बोलणारं माणूस मिळत नाही हो," तो म्हणाला. "तुम्ही पहिल्या. तुम्ही घरी वापरून बघाल का सगळं? खरं खरं सांगायचं."

मी हो म्हटलं. त्याला काही शास्त्रीय कारण नव्हतं. त्याच्या डाव्या भुवईवर फेस लागला होता आणि त्याला ते ठाऊक नव्हतं, एवढंच.

मी डमडमला राहते, एका बंगाली आजींच्या वरच्या मजल्यावर. सगळी गल्ली त्यांना 'माशीमा' म्हणते. बंगालीत ती मावशी. पण घोंघावणारी माशी डोळ्यांसमोर आल्याशिवाय मला बरेच दिवस ती हाक मारता आली नव्हती. सलील दर रविवारी नमुने घेऊन यायला लागला, तसा माशीमांनी त्याचा ताबा घेतला. एक, त्याचं नाव बंगाल्यासारखं होतं. दोन, त्याला मासे आवडत. मी त्यांच्या घरात राहून भेंडी खात असे, हे त्यांनी आजवर फक्त सहन केलं होतं.

नमुने वापरणं हे काम मी समजत होते त्यापेक्षा धोक्याचं होतं. कॉफी आणि गुळाचा अंगाला लावायचा स्क्रब लावून मी अंघोळ केली, तर मोरीत मुंग्यांची रांग लागली. मे महिन्यात त्याचं बॉडी बटर डबीतच वितळलं. ते हातापायांना चोळून मी खुर्चीत बसले आणि सावकाश, अगदी शालीनपणे, जमिनीवर आले.

"डिओडरंट कसं आहे?" त्याने विचारलं.

"घामाचा वास येत नाही. सुगंधही येत नाही. माणूस खोलीत नसल्यासारखंच वाटतं."

"हे चांगलं की वाईट?"

"बसमध्ये चांगलं. लग्नाला जाताना वाईट."

तो हसला. हसताना तो आधी मान खाली घालतो आणि मग वर बघतो. हे माझ्या निरीक्षणात आलं होतं. निरीक्षण करायचं काही कारण नव्हतं.

मग शांपूच्या वड्या आल्या. प्लॅस्टिकची बाटली नको म्हणून त्याने घट्ट शांपू केला होता आणि साचे मिळाले ते मिठाईवाल्याकडचे – शंखाचे, माशाचे. रंग अगदी गुळाच्या 'संदेश' मिठाईसारखा. वितळू नयेत म्हणून मी त्या माशीमांच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. पुढच्या रविवारी माशीमांनी सलीलपुढे बशी ठेवली, तिच्यात शंख होता.

मी सांगणार, तोवर त्याने अर्धा शंख तोंडात टाकला होता.

त्याचा चेहरा आधी गोंधळला, मग ओळख पटल्यासारखा झाला. माशीमा त्याच्याकडे कौतुकाने बघत होत्या. तो थांबला, आणि घास गिळून त्यांना बंगालीत काहीतरी गोड बोलला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाला, "नारळाचं तेल जास्त झालंय."

"थुंकायचंस की."

"त्यांनी प्रेमाने दिलंय, आभा." ओठांच्या कोपऱ्यात एक छोटासा बुडबुडा आला. "आणि प्राण्यांवर जे तपासत नाही ते निदान मला तरी चालतं का, हे कळायला नको?"

त्या दिवशी मी इतकी हसले की पोटात दुखलं. एरवी मी फारशी हसत नाही. आणि त्याच दिवशी आम्ही 'तुम्ही' वरून 'तू' वर आलोय, हे माझ्या ध्यानात आलं. नक्की कधी ते सांगता येईना.

त्याच्या मराठीत अधूनमधून बंगाली शब्द घुसत. एकदा मी ओले केस सोडून गच्चीत उभी होते. वारा होता. तो जिना चढून आला आणि थबकला.

"तुझी चूल काय सुंदर दिसतेय आज..."

मी वळून खाली स्वयंपाकघराकडे पाहिलं. गॅस बंद होता.

"चूल?"

"चूल म्हणजे – हे." त्याने माझ्या खांद्याकडे बोट दाखवलं आणि लगेच मागे घेतलं. "केस. बंगालीत केसांना चूल... चुकलं का माझं?"

"व्याकरण चुकलं," मी म्हटलं. कान का गरम झाले होते, कळेना.

मला वाटलं, आता याची भाषा आपल्याला समजते. ती माझी समजूत होती.

जूनमध्ये आमच्या पुण्याच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख अनुराधामॅडमचा फोन आला. आमच्याकडे जागा रिकामी होतेय, येतेस का? मीच कधी काळी विनंती केली होती. "दोन आठवड्यांत, शनिवारपर्यंत सांग," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं. माझ्यात काहीतरी रविवारची वाट बघत होतं.

रविवारी सलील आला. माशीमा देवळात गेल्या होत्या. आम्ही गच्चीत बसलो. पावसाने कठडा ओला होता, त्याने त्याचा रुमाल अंथरला आणि मला बसवलं. मी मनाशी ठरवलं, विचारायचं.

"सलील, तू दर रविवारी हावड्याहून इथे येतोस. बाटल्या कुरियरनेही येतील. मग... हे नक्की काय चाललंय तुझं?"

त्याने मान खाली घातली. मग वर पाहिलं.

"चेष्टा करतोय मी," तो हळू म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तुला कळलं नाही?"

कॉलेजात गॅदरिंगच्या दिवशी एका मुलाने मला भर हॉलमध्ये गुलाब दिला होता. मी तो घेतला. त्यांची पैज लागलेली होती. त्या हॉलचं हसणं मी इतक्या वर्षांनीही ओळखू शकेन.

"आता कळलं," मी म्हटलं.

"मग?" त्याचा आवाज जरा कापरा होता; मला वाटलं, हसू दाबतोय. "अजून करू?"

"नको. पुरे झाली."

तो उठला. "बरं," म्हणाला. "तुझी इच्छा नसेल तर नाही करणार." रुमाल कठड्यावरच राहिला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. आठवड्यात जास्वंदीच्या लेपाची बरणी कुरियरने आली. सोबत कसा लावायचा तेवढं छापलेलं. माशीमांनी त्याच्यासाठी आणलेली इलिश मासळी मला न विचारता शेजारी देऊन टाकली आणि दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. मी पुण्याला जायचं ठरवलं. शनिवारी सकाळी अनुराधामॅडमना फोन लावला, तो लागला नाही. 'दुपारी बोलू', असा त्यांचा निरोप आला.

मधल्या वेळात काय करायचं? हाती घेतलेली चाचणी अर्धवट टाकणं मला जमत नाही. मी डोक्यावर जास्वंदीचा लेप थापला, वर टॉवेल गुंडाळला. माशीमांनाही लेप हवा होता, पण बरणीचं झाकण मी फार घट्ट लावलं होतं. त्या पदराने धरून पिळत बसल्या.

"रहने दीजिए माशीमा, मैं खोलती हूँ," मी म्हटलं.

"ना, ना," त्या दात आवळून म्हणाल्या. "चेष्टा कोरछी."

चेष्टा? बरणीची?

"क्या कर रही हैं?" मी विचारलं.

"चेष्टा, चेष्टा." त्यांना माझ्या अज्ञानाची कीव आली असावी. "ट्राय. ट्राय करता हूँ."

मी मोरीच्या दारात उभी राहिले. 'चूल' मला तेव्हाच खटकली होती, कारण ती त्या वाक्यात बसत नव्हती. 'चेष्टा' इतकी नेमकी बसली होती की मी शंकाही घेतली नाही. मी ते सगळं संभाषण तो एक शब्द बदलून पुन्हा मनात म्हटलं. हे नक्की काय चाललंय तुझं? – प्रयत्न करतोय मी, पहिल्या दिवसापासून. – अजून करू? – नको. पुरे.

मी पर्स उचलली आणि निघाले.

मेट्रोत लोक माझ्याकडे का बघतायत, ते एस्प्लनेडला गाडी बदलताना खिडकीच्या काचेत पाहून कळलं. टॉवेल डोक्यावरच होता आणि मानेवर लाल ओघळ उतरत होते. शेजारच्या बाईंनी चौकशी केली, मेंदी का? मी म्हटलं, जास्वंद. त्यांनी सुचवलं, मेथी घालायला हवी होती. आहे, म्हटलं. त्यांचं समाधान झालं. आम्ही नदीखालून हावड्याला पोचलो.

सलील कारखान्यात एका पातेल्यासमोर उभा होता, हातात लाकडी डाव. मला पाहून त्याने आधी डाव ठेवला, मग माझ्या मानेकडे पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"रक्त?"

"तुझा लेप. पातळ झालाय, खाली उतरतो." मी श्वास घेतला. "सलील, चेष्टा म्हणजे काय?"

"तू नको म्हणालीस ना. मी करत नाहीये आता."

"अर्थ सांग."

"म्हणजे... कोशिश. मनापासून करतात ती. मराठीत दुसरं काही म्हणतात?"

"प्रयत्न म्हणतात. मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा. एखाद्याची टर उडवणं."

तो तिथल्या पिंपावर बसला. मी त्याच्या चेहऱ्यावर एकेक वाक्य परत येताना बघत होते.

"मी तुला म्हणालो, पहिल्या दिवसापासून..."

"हो."

"आणि विचारलं, अजून करू का."

"हो."

"पुण्याच्या काकांनी बारावीचा निकाल विचारला होता," तो खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "मी सांगितलं, काका, मी वर्षभर खूप चेष्टा केली. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. मला आज कळतंय."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला नवीन होतं.

"नीट सांग," मी म्हटलं. "दोन अर्थ निघणार नाहीत असं."

तो उभा राहिला. या वेळी त्याने मान खाली घातली नाही.

"मला तू हवी आहेस, आभा. बाटल्या तपासायला नाही. बाटल्या संपल्यावरही."

"मलाही," मी म्हटलं. मग माझंच वाक्य मला अपुरं वाटलं. "म्हणजे, मला तू."

लेपाचा एक थेंब भुवईवर आला. "डोळ्यात जाईल," तो म्हणाला आणि मला नळापाशी नेलं. मी वाकले. त्याने मग्याने पाणी घातलं, आधी हातावर घेऊन ते फार गार नाही ना हे बघत. त्याची बोटं माझ्या केसांतून इतकी जपून फिरत होती, जणू मी खरोखरच एखादा मोडणारा नमुना होते. बाहेर कुठेतरी लाँचचा भोंगा झाला.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. माझे हात ओले होते. त्याने फोन काढून स्पीकरवर टाकला.

"आभा, बोल," अनुराधामॅडम म्हणाल्या. "पुण्याचं काय ठरलं?"

"नाही येत, मॅडम."

"अगं, लोक तिथून निघायला धडपडतात. आणि हा पाण्याचा आवाज कसला? कुठे आहेस तू?"

"कामावर," मी वाकूनच म्हटलं. "इथे एक चाचणी चालू झालीय. सोडून येता येणार नाही."

"किती दिवसांची आहे?"

सलीलचा हात माझ्या केसांत थांबला. उत्तर ऐकायला तोही वाकला होता. त्याचा श्वास माझ्या कानाशी आला.

"मुदत ठरवलेली नाही, मॅडम," मी म्हटलं आणि डोळे मिटले.