तीन ठोके

मामा जेवून हात पुसत होते, तोच भाचा दारात उभा.

"चला मामा, तुमचा कान घ्या बरोबर."

कान म्हणजे मामांचा हातभर लांब स्क्रूड्रायव्हर. तीस वर्षं गॅरेजात राबून त्यांचे खरे कान कधीच कामातून गेले होते. बाजूला बसून साधी हाक मारली तरी पत्ता लागत नसे; ओरडावं लागे, नाहीतर अगदी कानाशी बोलावं लागे. पण स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवली, की आतली बारीकशी कुरकुरसुद्धा ते नेमकी पकडत.

निघताना बहिणीने त्यांचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "दादा, याचे वडील रस्त्यावरच अपघातात गेले. मला हा एकटाच आहे. तुम्ही हो म्हणालात तरच गाडी घ्यायची, नाहीतर नाही."

"मी आहे ना," मामा म्हणाले.

विकायला काढलेली ती गाडी एका दातांच्या डॉक्टरांची होती. त्यांच्या दवाखान्याखालच्या तळघरात ती उभी होती. लाल, ठेंगणी, दोनच दारांची. वर ढगाळ दुपार होती, पण खाली दिवे लावावे लागले. ओल्या सिमेंटचा आणि जुन्या तेलाचा वास नाकात बसला. आणखी कसला तरी वास होता, जळलेल्या रबरासारखा. तो मामांना आवडला नाही.

डॉक्टरांनी दुरुस्तीच्या कागदांची जाडजूड फाइल पुढे केली. मामांनी पानं उलटली आणि भुवया चढवल्या.

"तीन वेळा इंजिन खोललंय? डॉक्टर, दातसुद्धा असाच तीन-तीनदा उपटता की काय?"

भाचा हसला. डॉक्टर हसले नाहीत. मामांच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "एक आवाज येत होता. कुणालाच सापडला नाही."

भाचा आत चालकाच्या जागी, चावीवर बसला. इंजिन चालू झालं. मामांनी बॉनेटखाली वाकून स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले. इंजिन कसं शिलाई मशिनीसारखं चाललं होतं. ते मान डोलावणार, एवढ्यात...

टक टक.

"जरा वाढव!" ते ओरडले. भाच्याने पाय दाबला. इंजिनाचा कुठलाही बिघाड इंजिनाबरोबर पळतो. वेग वाढला की आवाजही घाईला येतो. हा आला नाही. आपला सावकाश, थांबून थांबून... टक टक.

मामांनी डोळे उघडले. ही भाषा त्यांची होती. गॅरेजात एकजण गाडीखाली असतो, दुसरा वर चावीवर. गोंगाटात बोलणं अशक्य, म्हणून खालचा पान्याने ठोके देतो. एक ठोका, चालू कर. दोन ठोके, बंद कर.

"बंद कर! आधी बंद कर!"

इंजिन थांबलं. मामा गुडघे टेकून खाली वाकले. गाडीखाली कोरडी फरशी होती, बाकी काही नाही. ते उठले, पुन्हा स्क्रूड्रायव्हर लावला. बंद, गार पडत चाललेल्या लोखंडातून कुणीतरी हलक्या हाताने एकदाच ठोकलं.

टक.

मामांनी विचार केला नाही. विचार केला असता तर पुढचं काही घडलंच नसतं. काम झालं की वरचा माणूस खालच्याला तीन ठोके देतो... झालं, ये बाहेर. तीस वर्षांची सवय. त्यांचा हात आपोआप उचलला गेला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी लोखंडावर ठोकलं. एक. दोन. तीन.

त्यानंतर इंजिन पुन्हा चालू करून त्यांनी चांगली वीस मिनिटं ऐकलं. खोट नाही, ठोका नाही, काही नाही.

"मग मामा? हो की नाही?" भाचा खिडकीतून ओरडला.

मामांचा जीव नको नको म्हणत होता. पण इंजिनाच्या बाबतीत ते आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. "इंजिनात काही नाही," ते म्हणाले. भाच्याला तेवढं पुरलं. एक चक्कर मारून येतो म्हणत तो गाडी घेऊन वर निघूनही गेला.

डॉक्टर पुन्हा मामांच्या कानाशी आले. त्यांच्या श्वासाला लवंगेचा वास होता. "तुम्ही ते तीन ठोके... कशाला दिलेत?"

"सवयीने. का?"

"पहिला मेकॅनिक इथेच गेला... त्याच गाडीखाली. त्याची बाही इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात अडकली. मला सांगून ठेवलं होतं त्याने, दोन ठोके आले की बंद करा. मी आत गाणी लावून बसलो होतो." त्यांनी खाली रिकाम्या फरशीकडे पाहिलं. "चावीवर मीच होतो हो..."

वरून हॉर्न वाजला. आईला दाखवून आणतो म्हणत भाच्याने गाडी रात्रीपुरती मागून घेतली आणि मामांना बसवून घरी निघाला. वाटभर मामा सारखे भाच्याच्या हातांकडे बघत राहिले. दोनदा म्हणाले, "सावकाश." "पण मी सावकाशच चालवतोय!" भाचा वैतागला. उद्या सकाळीच गाडी परत करायची, पोरगा रुसला तर रुसू दे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

भाचा हात धुवायला पुढे पळाला. मामा जिना चढून आले तेव्हा बहीण टेबलावर चहा ओतत होती. चार कप.

"चार कशाला?"

"तुमच्याबरोबर आलेत ना ते," ती त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. "तुमच्या आधीच वर आले. हात कोपरापर्यंत काळे झालेत बिचाऱ्यांचे. म्हटलं, आत धुऊन घ्या."

मामा धावले. न्हाणीघराच्या दारासमोर भाचा हसत उभा होता. दाराखालून काळं पाणी बाहेर येत होतं.

"आतून कडी आहे, मामा. कोण आहे हो? मजेशीर माणूस दिसतोय." तो मामांच्या कानाशी वाकला. "सारखं एकच विचारतोय, चावीवर कोण आहे. मी म्हटलं, मीच की!"