तीनवर न्यूट्रल

"भावाले पाठवा ना, ताई. त्याले समजन."

काउंटरमागच्या तरुणानं मान वर न करता सांगितलं. वर्षालीनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन काढला आणि त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. ठेवला म्हणजे जवळजवळ आपटलाच. कप हलला.

"भाऊ पुण्याले आहे. त्याले पिस्टन अन् पोळपाट यातला फरक समजत नाही," ती म्हणाली. "याच्या रिंगा पायजेत. अन् कार्बोरेटर. अठ्ठ्याहत्तरचं मॉडेल, हँडलवर गिअर."

आता त्यानं मान वर केली. अकोल्याच्या जठारपेठेत जुन्या स्कूटरचे सुटे भाग मिळणारं हे एकच दुकान उरलं होतं आणि वडिलांनंतर शेखर ते चालवत होता. नऊ वर्षांत या काउंटरवर एकाही मुलीनं पिस्टन आपटला नव्हता.

"फिटर कोण आहे तुमचा?"

"मीच."

"आधी किती गाड्या केल्या?"

"ही पयली."

"अन् पयल्याच गाडीचं इंजिन खोललं?"

"खोलल्याशिवाय बंद काहून हाय ते कसं समजन?"

शेखरनं तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत काळं ऑईल आणि डाव्या अंगठ्यावर बारीक बारीक वार, जुने-नवे. तिनं अंगठा मुठीत झाकला. "ते गाडीचं नाही. मी नर्सरीत काम करते, मोर्शीले. संत्र्याच्या रोपांना डोळे भरते, म्हणजे कलम करते. चाकू लागतो कधी कधी."

"दिवसाचे किती भरता?"

"आठशे. मरतात त्यातले वीसेक."

"मंग गाडी जगन तुमची," तो म्हणाला आणि शिडी घेऊन माळ्यावर चढला. कार्बोरेटर शोधायला त्याला वीस मिनिटं लागली. पाचव्या मिनिटालाच तो सापडला होता, हे त्यानं पुढे कितीतरी दिवस सांगितलं नाही.

*

गाडी शालिकरामची, म्हणजे वर्षालीच्या बाबांची. तिच्यावरून त्यांनी तीस वर्षं मोर्शीच्या बाजारात वांगी, मेथी, कोथिंबीर नेली होती. अकरा वर्षांपासून ती हिरवी स्कूटर शेडमध्ये पोत्यांखाली उभी होती. आता शेडमध्ये नवा फवारणी पंप ठेवायचा होता आणि भंगारवाला दोनदा येऊन गाडी पाहून गेला होता.

"मी चालू करून दाखवते," वर्षाली म्हणाली तेव्हा बाबा हसले. त्यांचा तरी काय दोष? शिवणाचा क्लास अर्धा, कॉम्प्युटरचा कोर्स अर्धा, बी.एस्सी. दुसऱ्या वर्षावर... घरात तिचं नावच 'अर्धी' पडलं होतं. पण एक गोष्ट कोणी ध्यानात घेत नव्हतं. तिचं काम जरा अडलं की कोणीतरी घाईघाईनं येऊन ते पूर्ण करून टाकी. ब्लाऊजच्या बाह्या मावशीनं लावल्या, कोर्सचा प्रोजेक्ट भावानं करून दिला. मग उरलेल्या अर्ध्यात तिचं मन राहत नसे.

"ऐक, पोरी," बाबा म्हणाले. "चैती पौर्णिमेले तुही माय रिद्धपूरले दर्शनाले जाते. तिले या गाडीवर बसवून नेलं, तर गाडी तुही. शेडबी तुहं. नाही जमलं, तर त्याच दिवशी भंगारात. अन् अर्धी म्हटलं तर रडायचं नाही."

तेव्हाच तिनं ठरवलं, या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

शेखरलाही तिनं तेच सांगितलं. रोज संध्याकाळी ती त्याला फोटो पाठवी, प्रश्न विचारी आणि तो विचारलं तेवढ्याचंच उत्तर देई. "दोन नियम," तिनं पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. "गाडीले हात लावायचा नाही. विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

त्याचं उत्तर आलं – "गाडीबद्दल का एकूणच?"

तिनं फोन उलटा ठेवला. मग सुलटा केला. मग उत्तर न देताच झोपली, पण उशिरा.

*

फाल्गुनात सिलिंडर बोअर करायला ती अमरावतीला लेथवाल्याकडे आली. शेखर तिथं आधीच उभा होता. सहज आला म्हणे. अकोल्याहून नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर... सहज!

स्वतःच्या स्कूटरवरून आला होता तो. तेच मॉडेल, पांढऱ्या रंगाचं, आरशासारखं पुसलेलं. वर्षाली तिच्याभोवती दोनदा फिरली, गिअर टाकून पाहिले.

"तीन तास लागतीन," लेथवाला म्हणाला. आभाळ अचानक भरून आलं होतं. समोरच्या हातगाडीवर दोघांनी दह्यातला गिला वडा घेतला आणि टिनाच्या पत्र्याखाली उभे राहिले. अवकाळी पावसाचे चार टपोरे थेंब पडले, धुळीचा वास उठला आणि पाऊस निघून गेला.

"तुमी हात मागं बांधून काहून उभे राहता सारखे?" तिनं विचारलं.

"सवय लावून घेऊन राहिलो. पौर्णिमेले तुमच्या गाडीपाशी उभा राहीन, तर हात आपोआप समोर जाईन."

"गाडीकडंच ना?"

शेखरच्या शर्टावर दही सांडलं. तिनं रुमाल पुढे केला, त्याची बोटं तिच्या अंगठ्यावरच्या वारांना लागली आणि दोघंही एकदम लेथकडे पाहू लागले, जणू तिथं फार मोठं काही चाललं होतं.

*

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी इंजिन लागलं.

दुपारचं त्रेचाळीस अंशांचं ऊन, शेडमध्ये पेट्रोल-ऑईलचा धूर आणि त्या धुरात डोळ्यांतलं पाणी पुसत हसणारी वर्षाली. आता गिअरच्या दोन केबल तेवढ्या बसवायच्या होत्या. खोलतानाच तिनं त्यांना खुणा केल्या होत्या. वरच्या खाचेतल्या केबलला लाल दोरा, खालच्या केबलला पांढरा. आता दोऱ्यांच्या जागी केळीच्या सोपटाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, पट्ट्या होत्या, एक हिरवट, एक पांढुरकी. दोरे तुटले म्हणून मायनं बदलले असतील, हिरवट म्हणजे लाल, असा तिनं हिशेब केला आणि केबल आवळल्या.

शेखर दारात उभा होता, हात मागे. तो एक पाऊल पुढे आला. "वर्षाली, ते जरा –"

"मी विचारलं का?"

"नाही."

"मंग?"

तो थांबला. "काही नाही," म्हणाला आणि मुक्कामाला अमरावतीला निघून गेला.

सकाळी सहाला अंगणात सगळे जमले. पार्बताबाई, म्हणजे माय, नवं लुगडं नेसून, हातात नारळाची पिशवी घेऊन. बाबा खाटेवर. फाटकापाशी भंगारवाला, हातगाडीसकट. आणि कडुनिंबाखाली शेखर.

वर्षालीनं हँडल न्यूट्रलवर आणलं, किक मारली. गाडीनं स्टँडवरून पुढे उडी मारली आणि तुळशीच्या ओट्याला धडकली.

"दर्शन अठीच झालं," बाबा म्हणाले. भंगारवाला हसला.

तिनं हँडल मागेपुढे फिरवून पाहिलं. एका ठिकाणी किक मोकळी पडली. इंजिन लागलं, छान लागलं. तिनं हँडल एकवर नेलं, क्लच सोडला. बंद. पुन्हा. बंद. तिनं नकळत कडुनिंबाकडे पाहिलं. शेखर जमिनीकडे पाहत होता आणि मागे बांधलेल्या त्याच्या हातांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

ती त्याच्यापाशी गेली. "तुले माहीत हाय."

पहिल्यांदाच 'तू'.

"हो."

"कवापासून?"

"काल. केबल बसवल्या तवापासून." तो हळू म्हणाला. "आता सांगू?"

"नाही!" तिचा आवाज फाटला. "काल बोलायचं होतं. आता जा तू. जा इथून."

तो खरंच गेला. पांढरी स्कूटर वळणाआड होईपर्यंत तिनं पाहिलं, मग डोळे पुसले आणि गाडीसमोर उकिडवी बसली. कलम करताना एखादा डोळा लागत नसेल तर ती झाडावर चिडत नसे, पट्टी सोडून पाहत असे. इथंही तेच. किक कुठं मोकळी पडली होती? तीनवर. म्हणजे तीनवर न्यूट्रल. एकवर बंद पडते, म्हणजे एकवर मोठा गिअर... चौथा. मग पहिला कुठं? केबल उलट्या बसल्या होत्या. सोडून पुन्हा बसवायला दोन तास लागले असते आणि तोवर मायची दर्शनाची वेळ टळली असती.

"माय, बस," ती म्हणाली.

"सरळ झाली का व?"

"नाही. उलटीच हाय. उलटीच नेते."

तिनं हँडल चारवर नेलं. क्लच सोडला. गाडी सुळकन पुढे निघाली, भंगारवाल्यानं हातगाडी मागे घेतली. चारवर पहिला, तीनवर न्यूट्रल, न्यूट्रलच्या खुणेवर तिसरा, एकवर चौथा. दुसरा तेवढा दोनवरच होता. सगळ्या उलट्या पसाऱ्यात तो एक आपल्या जागी.

अर्ध्या वाटेत माय तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुह्या त्या दोऱ्या म्या घेतल्या होत्या व, मेथीच्या जुड्या बांधायले. सोपटं बांधली मंग बदल्यात. हिरवं कोठी अन् पांढरं कोठी, ते काही ध्यानात राह्यलं नाही..."

वर्षाली इतकी हसली की गाडी रस्त्याच्या कडेला गेली. चाळीस वर्षं ज्या घरात हाताला लागेल त्या दोऱ्यानं जुडी बांधली जाते, तिथं तिनं खुणेला दोरा बांधला होता!

रिद्धपूरला माय देवाच्या स्थानाला माथा टेकवून परत आली, तर बाबा गाडीपाशी उभे. बसनं मागोमाग आले होते. पूर्वी भाजीची पोती ज्याला बांधत, त्या कड्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"कोणी हात लावला होता का?"

"कोणीच नाही."

"तो अकोल्याचा पोरगा?"

"त्यानं तर बिलकूलच नाही," ती म्हणाली. अडलेलं पाहूनही तिचं काम स्वतः पुरं न करणारा आजवर भेटलेला तो एकच माणूस. तिचा शब्द त्यानं शब्दासारखा पाळला होता. आणि तिनं त्याला हाकललं होतं.

बाबांनी शेडची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "पुरी," एवढंच म्हणाले.

*

संध्याकाळी तिनं गाडीचा फोटो स्टेटसला टाकला. खाली लिहिलं – 'केबल सरळ करणार नाही. ही गाडी आता दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही.' शेखरनं ते पाहिलं, असं फोननं दाखवलं. बाकी काही नाही. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस... नियम तिचाच होता. विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

सतराव्या दिवशी ती पहाटे निघाली. मोर्शी, अमरावती, अकोला. दोनदा प्लग साफ केला, एकदा क्लचची तार आवळली. दुकानापुढे थांबून तोंडावरची ओढणी सोडली तेव्हा अकरा वाजले होते आणि शेखर पायरीवर उभा होता.

"एवढ्या दूर... याच गाडीवर?"

"मंग काय डोक्यावर घेऊन येऊ?"

"पाणी प्या आधी."

"पाणी नाही पायजे. मले सांग, जा म्हटलं म्हणून जाते का माणूस? सगळंच ऐकते का?"

"तुमीच म्हणाल्या होत्या –"

"सतरा दिवस झाले, मनातल्या मनात 'ये' म्हणून राह्यली. ते नाही आलं ऐकू?"

शेखर आत जाऊन आपल्या पांढऱ्या स्कूटरची चावी घेऊन आला. "एक चक्कर मारून या. मंग बोलू."

"ह्याच्यात काय बोलणं हाय?"

"पाहा तर खरं."

ती चिडूनच बसली. हँडल फिरवलं, किक मारली, निघाली. गल्लीच्या टोकाशी वळताना तिच्या ध्यानात आलं. हात सवयीनं तीनवर गेला होता, तिथंच किक मोकळी पडली. चारवर गाडी निघाली. पण ही तर त्याची गाडी! अमरावतीला तिनं स्वतः पाहिली होती, एकवर एक, दोनवर दोन, घड्याळासारखी. तिनं ब्रेक दाबला आणि सावकाश परत आली.

"केबल कोणी उलट्या टाकल्या?"

"मीच. दोन दिवस लागले." त्यानं सोललेली बोटं दाखवली आणि लगेच हात मागे घेतले. "नऊ वर्षांत सरळच बसवल्या न... उलट्या बसवणं जमतच नव्हतं. मंग रोज सकाळी गोरक्षण रोडनं चालवली. चार ठिकाणी बंद पडली. लोक म्हणे, शेखरभाऊ गाडी विसरले."

"पण काहून?"

"तू लिहिलं होतं, ही गाडी दुसऱ्या कोणाले चालवता येणार नाही. मले दुसरं कोणी नाही राहायचं."

समोरच्या दुकानातलं ग्राइंडर कुठलंतरी लोखंड घासत होतं. वर्षालीला ते फार लांब वाटलं. तिनं आपल्या हिरव्या गाडीची चावी काढून त्याच्यासमोर धरली. त्याचे हात तसेच मागे.

"घे ना."

"हात लावू?"

"गाडीले," ती म्हणाली. मग हळूच, "सध्या."

शेखर पुढे बसला, ती मागे. एका किकला इंजिन लागलं. चारवरून निघून, तीन ओलांडून त्यानं हँडल दोनवर आणलं आणि गाडी सरळ चालू लागली.