मोरेश्वर चौबळांचा आवाज

ही गोष्ट कुणाला खोटी वाटेल. वाटू दे. पण ज्या सुहासिनीमावशीच्या डोळ्यांदेखत हे घडलं, तिने उभ्या आयुष्यात कधी थाप मारल्याचं मला आठवत नाही.

साल १९५४. मार्गशीर्षातली संध्याकाळ. कल्याणचं एक वाचनालय.

पण आधी थोडं मागचं सांगायला हवं.

मावशीचे यजमान, ठाण्याचे मोरेश्वर चौबळ, त्या काळचे नावाजलेले लेखक. हिमालयापासून लंकेपर्यंत भटकले. प्रवासवर्णनं गाजली. पण घराघरात नाव झालं ते कादंबरीने. नवऱ्याला होडीतून खाडीत ढकलणाऱ्या कोळणीची कादंबरी.

ती कोळीण खरीखुरी होती. आवडाबाई.

खाडीवर लिहायचं म्हणून चौबळ तिच्या होडीतून हिंडले होते. तिच्या हातचं जेवले होते. नवरा गोमाजी वादळात कसा बुडाला, ते तिने रडत रडत सांगितलं होतं.

चौबळांनी तिचं नाव तेच ठेवलं. गाव तेच ठेवलं.

वादळ तेवढं काढून टाकलं.

पुस्तक कोळीवाड्यात पोचलं. कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूने, भागीरथीने, आवडाबाईची होडी फोडली आणि तिला घराबाहेर काढलं.

ती चौबळांच्या दारात आली.

"सायेब, एकदा येऊन सांगा. मी नाय मारला त्याला. तुमी सांगलं तर लोक ऐकतील."

"अगं बाई, कादंबरी आहे ती!" चौबळ हसले.

मावशी चहा घेऊन बाहेर आली, तोवर ओटा रिकामा होता.

त्याच आठवड्यात खाडीत आवडाबाईचं प्रेत सापडलं.

चौबळ रोज संध्याकाळी लिहिलेलं मावशीला वाचून दाखवत. एके दिवशी वाचता वाचता... आवाजच गेला. ओठ हलत होते. ऐकू काही येत नव्हतं.

ऐकू येत होतं ते वल्ह्याचं पाणी.

चुबुक... चुबुक...

घरापासून खाडी बरीच लांब होती.

जरा वेळाने आवाज परत आला. "अहो, मध्येच गप्प का झालात?" मावशीने विचारलं.

"गप्प? मी तर वाचतच होतो."

आणि मग कल्याणच्या त्या वाचनालयातला सत्कार. हार घातले. चौबळ बोलायला उभे राहिले. तोंड उघडलं...

आवाज बाईचा होता.

"मी नाय मारला त्याला."

लोकांना वाटलं, कादंबरीतला प्रसंग करून दाखवतायत. टाळ्या पडल्या.

"मी नाय मारला! यानं मारलं मना!"

टाळ्या थांबल्या.

चौबळ दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरत होते. आवाज तरीही येत होता.

दुसऱ्या दिवशी मावशी त्यांना कोळीवाड्यात घेऊन गेली. चौबळांना स्वतःच्या आवाजात बोलताच येत नव्हतं, म्हणून सगळ्यांसमोर तिनेच सांगितलं, "पुस्तकातलं खोटं आहे. गोमाजी वादळातच गेला."

"आता काय उपेग?" भागीरथी म्हणाली.

तेवढ्यात चौबळांचे ओठ हलले.

"सासूबाय... माजी होडी कनाला फोडलीस?"

भागीरथी मटकन खाली बसली. सुनेचा आवाज तिने ओळखला होता.

त्यानंतर चौबळांच्या तोंडून शब्द फुटला नाही. ठाण्याचे, मुंबईचे डॉक्टर झाले. घशात काही दोष नव्हता.

पौषात एकदा मावशी दिवा लावत होती. चौबळ समोर खुर्चीत बसले होते.

दारावर थाप पडली.

"सुहास, दार उघड."

यजमानांचा आवाज. स्वच्छ, खणखणीत.

चौबळांनीही तो ऐकला. उठून उभे राहिले.

मावशीने दार उघडलं.

बाहेर भागीरथी होती. हात जोडलेले. डोळे भीतीने फाटलेले. तिचे ओठ हलले, आणि चौबळांचा आवाज म्हणाला...

"सुहास, मला आत घे गं. इथे फार पाणी आहे."

मावशीने दार लावून घेतलं.

ते बरोबर केलं की चूक, तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही कळत नाही.