आतून मारलेली हाक

वादळाच्या दिवशी दुपारचं जेवण उरकून युए-चिन तळमजल्यावरच्या यंत्रांच्या खोलीत उतरली, ती एक नेहमीचंच काम करायला. मच्छीमार संघाच्या संगणकांच्या दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉलवर मर्यादा चढवायच्या होत्या. वादळ आलं की कुठली बोट कुठे आहे ते बघायला घरची माणसं, बातमीदार आणि नुसते हौशी, सगळेच संघाच्या इंटरनेटवरच्या पानावर तुटून पडत. एकेक जण दहा-दहा खिडक्या उघडून बसे, आणि त्या रेटारेटीत बोटींचे निरोपच आत शिरेनासे होत. म्हणून एका पत्त्यावरून एका वेळी वीसच जोडण्या. एकविसाव्याला दार बंद.

नियम मूळचे ओउ मास्तरांचे. मास्तर वारून दोन वर्षं झाली होती. पंचवीस वर्षं या खोलीत बसून त्यांनी ती यादी रचली, आणि युए-चिनने इतकं नेटकं काम दुसऱ्या कुणाच्या हातचं पाहिलं नव्हतं. प्रत्येक नियमाशेजारी तारीख आणि कारण. सगळ्यांत वरचा नियम एका ओळीचा: आतून सुरू झालेल्या बोलण्याचं उत्तर असेल तर ते बिनशर्त आत घ्या. आतून कोण कुणाशी बोलायला गेलं, उत्तर आलं का, याचा तक्ता फायरवॉल क्षणाक्षणाला लिहीत असते. त्यात नोंद असली की पुढचं काही विचारायचं नाही. त्याखाली मर्यादा. तळाशी, उरलेल्या सगळ्यांना मज्जाव. त्या वरच्या ओळीशेजारी मास्तरांनी लिहिलं होतं, ‘ही खाली सरकवू नका. आपण हाक मारायची आणि उत्तर द्यायला आलेल्याला दारात अडवायचं, हे शोभत नाही.’ दर वेळी ते वाचताना तिची मान आपोआप लवे.

मर्यादा चढवून ती वर आली. वाऱ्यामुळे सातव्या महिन्याचं नैवेद्याचं मेज आत बोळात आणून ठेवलं होतं. भटक्या आत्म्यांसाठी भात, अननस, डबाबंद मासे. उदबत्त्यांचा धूर जिन्यावरून खाली उतरत होता. बाहेर दुपारचे अडीच, पण खिडक्या काळ्या पडल्या होत्या.

“झालं का गं तुझं कुलूप लावून?” वायरलेसवरचा आ-ताओ म्हणाला. साठी उलटली तरी त्याची जीभ थकली नव्हती. “पाहुण्यांसाठी एखादी फट ठेवलीस ना? नाहीतर या महिन्यात उपाशी पोटी माझ्याच मानगुटीवर बसायचे.”

“तुमच्या मानगुटीवर जागा आहे कुठे, दादा? सगळी चरबीच.”

तो हसला, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. पाओ-झू आत आली, नखशिखांत भिजलेली. तिचा नवरा ‘चिन-शुन’ बोटीचा तांडेल होता. बोटीवर एकूण सात जण. सकाळी इंजिन बंद पडलं होतं. बॅटरी पुरवायला ती अडीच तासांनी एकदाच निरोप धाडी, आणि बाराच्या निरोपानंतर काहीच नव्हतं.

“चिन-ताई, तटरक्षकांचं जहाज चारला माघारी फिरणार. बोट कुठे आहे कळलं तरच जातील म्हणतात.” तिने मेजाची कड घट्ट धरली. “कुठे आहे ते बघा ना...”

युए-चिनने बोटींचे निरोप उमटणाऱ्या फळ्याकडे पाहिलं. समुद्रावर त्रेचाळीस बोटी होत्या. चिन-शुन सोडून बाकीच्या बेटाच्या आडोशाला होत्या, त्यांची काळजी नव्हती. पण दहा मिनिटांपासून निरोप येत होते ते मोजक्याच बोटींचे. तिने मोजले. वीस.

बोटी उपग्रहावरून बोलत, आणि त्यांचं सगळं बोलणं किनाऱ्यावरच्या एका केंद्रातून, एकाच पत्त्याने येई. म्हणून मास्तरांनी त्या केंद्राला मर्यादेतून वगळलं होतं. पण वादळामुळे आज सकाळीच ते काम दुसऱ्या केंद्राकडे गेलं होतं. पत्ता नवा. सूचना आली होती. तिने वाचली होती, आणि बदल करायचा राहून गेला होता. फायरवॉलच्या लेखी त्रेचाळीस बोटी म्हणजे एकच उपद्रवी माणूस. वीस जोडण्या आत, तेवीस बोटी दाराबाहेर. त्यांत सात जणांची ती एक.

“काय झालं?” पाओ-झूने विचारलं.

“माझी चूक झाली, वहिनी. आत्ता दुरुस्त करते.” ती जिन्याकडे धावली.

अर्ध्या जिन्यात असतानाच वरून आ-ताओ ओरडला, “आलं! चिन-शुनचं आलं! ठिकाणासकट! सातही जण आहेत!”

पाओ-झूचं रडणं ऐकू आलं आणि पाठोपाठ आ-ताओचा तटरक्षकांना आकडे सांगतानाचा खणखणीत आवाज. युए-चिन कठड्याला टेकून उभी राहिली. मग सुटकेच्या जागी दुसरंच काही मनात आलं. तिने अजून काहीही बदललं नव्हतं.

खोलीत यंत्रांची घरघर होती आणि धुराचा वास वरच्यापेक्षा दाट होता. तिने आधी नव्या केंद्राचा पत्ता मर्यादेतून वगळला. मग तक्ता उघडला.

चिन-शुनचा निरोप सगळ्यांत वरच्या नियमाने आत आला होता. म्हणजे ते उत्तर होतं. दोन बावन्नला आतूनच कुणीतरी नव्या केंद्राच्या पत्त्यावर, चिन-शुनच्या क्रमांकावर हाक मारली होती. आतून बोटीला हाक मारायची रीत मास्तरांची. त्यांच्यामागे ती बंद पडली होती. हाक मारणारं यंत्र, सतरा नंबर.

सतरा नंबर म्हणजे मास्तरांच्या मेजावरचा संगणक. तो गेल्या वर्षी भंगारात गेला होता. तिने कोपऱ्यात वळून पाहिलं. मेज रिकामं. भिंतीतून आलेल्या केबलचं टोक, चिकटपट्टी गुंडाळलेलं, हवेत लोंबत होतं.

“ताई...” आ-ताओ जिन्यात उभा होता. त्याच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. “तांडेल विचारतोय, हाक कुणी मारली?”

“का?”

“त्याला विचारलं म्हणे, कुठे आहेस, जण किती. आणि लिहिलं होतं... नावं सांगू नकोस. या महिन्यात नावं नको, भटके ऐकतात. फक्त आकडा सांग.” तो एक पायरी खाली उतरला. “असं लिहिणारा आपल्याकडे एकच माणूस होता गं.”

युए-चिनची नजर पुन्हा त्या लोंबत्या केबलकडे गेली. भीती होती, पण तिच्याखाली काहीतरी ऊबदारही होतं. कुणाचा तरी हात तिच्या चुकीवरून अलगद फिरून गेला होता. ज्या माणसाने पंचवीस वर्षं एकही नियम गाळला नाही, त्याने आजही नियम मोडून दार उघडलं नव्हतं. रीतसर आतून हाक मारली होती.

“दादा, त्याला लिहा, संघाने मारली म्हणून.”

आ-ताओ वर गेला. मर्यादा सैल झाल्यावर एकेक बोट तक्त्यात येऊ लागली आणि ती ओळीओळीने खाली उतरत गेली. बेचाळीस, त्रेचाळीस. सगळ्या आल्या.

त्याखाली आणखी एक ओळ होती.

सतरा नंबरवरूनच गेलेली हाक. केंद्राचा पत्ता तोच, पण बोटीचा क्रमांक आजच्या यादीत नव्हता. तिने जुनं रजिस्टर काढलं. एकसष्ट क्रमांक ‘युंग-फा’चा. बोट अकरा वर्षांपूर्वी याच महिन्यात गेली होती. ना फळी मिळाली, ना माणूस. तीन दिवस मास्तर जागचे न उठता तिला हाका मारत होते, हे सगळ्या बंदराला माहीत होतं.

ओळीच्या टोकाला फायरवॉलने नोंदवलं होतं: उत्तर आलं. वरच्या नियमाने आत घेतलं.

बोटींचे निरोप साधेच असत, उघडून वाचता येत. युए-चिनने बराच वेळ बोट कळीवर धरून ठेवलं. मग दाबलं.

विचारणा तीच होती, चिन-शुनला केलेली. जण किती?

रजिस्टरात ‘युंग-फा’वर नऊ जणांची नोंद होती. उत्तरात आकडा होता: दहा, हाक मारणाऱ्याला धरून.